उशिरा निघालेली पिले वगळू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. कॅलिफोर्नियातल्या मिल क्रीक आणि डिअर क्रीक या ओढ्यांतल्या चिनूक सॅमनच्या, म्हणजे गोड्या पाण्यात जन्मून समुद्रात वाढणाऱ्या आणि अंडी घालायला परतणाऱ्या माशांच्या, नमुन्यांत समुद्राकडे उशिरा निघालेली पिले फारच थोडी आहेत, म्हणून ती विश्लेषणातून गाळावीत असे तुला सुचवले गेले आहे आणि तुझा निर्णय होत नाही. वगळू नकोस. पुढचे सगळे पत्र या दोन शब्दांसाठीच आहे.

लासेन ज्वालामुखीच्या उतारावरून सॅक्रमेंटो नदीला मिळणाऱ्या या ओढ्यांतली बहुतेक पिले वसंतापर्यंत खाली उतरतात; काही मात्र वरच्या थंड पाण्यातच उन्हाळा काढून शरद ऋतूत किंवा त्यानंतर निघतात. 2012 ते 2015 च्या दुष्काळात खालची नदी तापली, तेव्हा समुद्रातून परतलेल्या माशांत बहुसंख्य याच उशिरा निघालेल्यांपैकी होते. हे 2021 मध्ये प्रसिद्ध झाले, तेही तू रोज घासतेस त्याच, माशांच्या कानातल्या खड्यांवरून, म्हणजे ओटोलिथवरून. ओटोलिथची चकती घासताना हात किंचित जास्त चालला तर गाभा जातो, आणि त्याबरोबर त्या माशाचे बालपण कोणत्या पाण्यात गेले याची स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याने लिहिलेली नोंदही जाते. एवढे सांभाळून वाचलेली नोंद तू तक्त्यातून एका फटक्यात काढणार का?

पिलांचे उशिरा निघणे निव्वळ आनुवंशिक नाही, थंड पाण्यात वाढही मंदावते, हा तुझा आक्षेप मला मान्य आहे. पण मग मोठ्या माशांकडे पाहा. ते वसंतात परततात की शरदात, याचा GREB1L या जनुकाच्या परिसरातील फरकांशी घट्ट संबंध आहे, आणि वसंतातल्या परतीचे रूप एखाद्या समूहातून नष्ट झाले तर आपल्या हयातीत ते नव्याने घडेल अशी आशा धरता येत नाही. सॅन वाकीन नदीवर 1942 मध्ये फ्रायंट धरण उभे राहिले, तिथला वसंती सॅमन संपला, आणि पुन्हा वसवण्याची वेळ आली तेव्हा मासे फेदर नदीच्या हॅचरीतून, म्हणजे पिले कृत्रिमरीत्या वाढवणाऱ्या केंद्रातून, आणावे लागले.

मला हॅचरीचा वैरी म्हणतात. मी वैरी नाही, पण टँकरने थेट खाडीत नेऊन सोडलेली पिले परतताना मूळ नदी चुकतात, भलत्याच नदीत अंडी घालतात आणि सेंट्रल व्हॅलीतले, म्हणजे याच नद्यांच्या खोऱ्यातले, शरदात परतणारे सॅमन जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकसारखे होऊन बसतात, हे मी बोलायचेच नाही का? 2008 आणि 2009 मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सॅमनची व्यावसायिक मासेमारी बंद ठेवावी लागली, 2023 मध्ये पुन्हा. सगळे एकाच वेळी निघणारे आणि एकाच वेळी परतणारे मासे एका वाईट वर्षात एकदमच बुडतात.

‘मूठभर माशांसाठी एवढा खर्च कशाला’ असे म्हणून एका कार्यालयाने आमची लहान ओढ्यांवरची मोजणी बंद केली. मी भांडलो, बढती गेली आणि मोजणीही वाचली नाही. तेव्हा बंद झालेल्या वर्षांचे आकडे आज कोणालाच मिळणार नाहीत, ही खंत बढतीपेक्षा मोठी आहे. मी हेकेखोर होतो हे कबूल; पण नम्रपणे गप्प बसलेल्यांनी काय वाचवले, तेही मला कोणी दाखवून द्यावे.

म्हणून वगळू नकोस. त्या पिलांसाठी वेगळा रकाना कर, दुष्काळी आणि ओली वर्षे वेगवेगळी मांड, नमुने थोडे असल्याने येणारी अनिश्चितता लपवू नकोस. मार्गदर्शकांनी पुन्हा विचारले तर वर्षनिहाय तक्ता त्यांच्यापुढे ठेव, आणि त्याची एक प्रत मलाही पाठव.

तुझा,
काका