आयोवातल्या ग्रामीण काउंटीत राहायला जाताना

शिकागोतली रेसिडेन्सी (डॉक्टरांचे रुग्णालयातले प्रशिक्षण) संपवून तुमचे डॉक्टर पती कॉनराड-३० योजनेखाली, म्हणजे डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काम करण्याच्या अटीवर परदेशी डॉक्टरांना अमेरिकेत राहू देणाऱ्या योजनेखाली, आयोवा राज्याच्या वायव्य भागातल्या एका छोट्या रुग्णालयात तीन वर्षांसाठी रुजू होत आहेत, मुलगी या वर्षी चौथीत जाईल, जोडीदाराला मिळणाऱ्या एच-४ व्हिसामुळे तुम्हाला तूर्त नोकरी करता येणार नाही आणि घरात सगळे शाकाहारी आहेत. अशा ठिकाणी दिवस कसे जातील, माणसे आपलेसे करतील का, आणि मराठी सहवासासाठी दर शनिवारी शहर गाठावे लागेल का, हे तुमचे तीन प्रश्न आहेत. मी आयोवातल्या अशाच एका काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) बरीच वर्षे राहते आहे आणि माझी मुले इथल्याच शाळेत शिकली, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

तिन्ही प्रश्नांचे माझे उत्तर एकाच गोष्टीपाशी येते. इथली माणसे पहिल्या दिवसापासून अगत्याने बोलतात, बर्फात गाडी रुतली तर अनोळखी माणूस साखळी घेऊन खाली उतरतो. मात्र घरी जेवायला बोलावणे सहजासहजी येत नाही, कारण बहुतेकांची मैत्री बालवर्गापासूनची असते आणि सगळा गोतावळा पाच-दहा मैलांच्या आत राहत असतो. ओळख घट्ट होते ती बरोबरीने काम केल्यावर. आमंत्रणाची वाट पाहत बसलात तर तीन वर्षे वाट पाहण्यातच जातील, आणि एखादे छोटे काम आपणहून मागून घेतलेत तर पुढच्या वेळी फोन तुम्हालाच येईल.

आधी काउंटीची घडण समजून घ्या, कारण शहरात तिचे अस्तित्व फारसे जाणवत नाही आणि इथे ते पदोपदी जाणवते. आयोवात ९९ काउंट्या आहेत आणि निम्म्याहून अधिक काउंट्यांची लोकसंख्या २०,००० च्या आत आहे. जमीन मैलामैलाच्या चौकोनांत आखलेली आहे; ६४० एकरांचा एक सेक्शन, असे ३६ सेक्शन मिळून एक टाउनशिप, आणि साधारणपणे १६ टाउनशिप मिळून एक काउंटी होते. मुख्य गावात कोर्टहाऊस असते. गाडीची नोंदणी, मालमत्ता कर आणि बहुतेक काउंट्यांत ड्रायव्हिंग लायसन्ससुद्धा तिथल्या ट्रेझररच्या खिडकीवर होते, निवडणुकांचे काम ऑडिटर पाहतात, आणि रस्ते, पूल व अंदाजपत्रक यांचे निर्णय निवडून आलेले तीन किंवा पाच सुपरवायझर घेतात. त्यांच्या बैठका सर्वांना खुल्या असतात. तुम्हाला मतदान करता येणार नसले तरी मागच्या खुर्चीवर बसून ऐकायला कोणाची हरकत नसते. खडीच्या रस्त्यांची दुरुस्ती, डुकरांच्या मोठ्या शेडची जागा, पवनचक्क्यांचे घरांपासूनचे अंतर, कार्बन डायऑक्साइडची पाइपलाइन कोणाच्या शेतातून न्यावी, असे जे विषय गावातल्या कॅफेत सकाळी सहा वाजता चर्चेला येतात, ते मुळातून कळण्याची ती जागा आहे, म्हणून एकदा तरी जाऊन बसा.

स्थानिक साप्ताहिक पहिल्याच आठवड्यात घ्यायला लागा. सुपरवायझरांच्या बैठकीचे इतिवृत्त आणि मंजूर झालेली बिले त्यात कायद्यानेच छापावी लागतात, त्यामुळे खडीला किती पैसे गेले आणि कोणाला गेले हे कोणालाही वाचता येते. त्याच अंकात शाळेच्या जेवणाचा मेनू, मृत्युलेख आणि ‘कार्ड शॉवर’ची निवेदने असतात. एखाद्या आजींचा ९० वा वाढदिवस असला की घरचे लोक त्यांचा पत्ता छापून शुभेच्छापत्रे पाठवण्याची विनंती करतात. आजींना ओळखत नसलात तरी एक कार्ड टाका. त्या ते वाचतात, लक्षात ठेवतात आणि पुढे कधीतरी किराणा दुकानात थांबवून बोलतात. छोट्या गावातले वृत्तपत्र म्हणून त्याला कमी लेखू नका. तुमच्याच भागातल्या ब्युना व्हिस्टा काउंटीतील ‘स्टॉर्म लेक टाइम्स’चे संपादक आर्ट कलन यांना २०१७ मध्ये अग्रलेखांसाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले. शेतातून नदीत उतरणाऱ्या नायट्रेटबद्दल राज्याची राजधानी डी मॉइनच्या पाणीपुरवठा संस्थेने तीन काउंट्यांवर खटला भरला होता, त्या खटल्याचा खर्च काउंट्यांच्या वतीने कोण भागवत आहे, हा प्रश्न त्यांनी आपल्याच वाचकांसमोर लावून धरला होता.

वर्षातला सगळ्यात मोठा प्रसंग म्हणजे काउंटी फेअर, म्हणजे काउंटीची जत्रा. फिरते पाळणे आणि तळलेले खाणे पाहून परत येऊ नका. जनावरांच्या गोठ्यात आणि मुलांच्या प्रदर्शनाच्या दालनात वेळ घालवा. फेअरचा खरा आधार फोर-एच ही मुलांची संघटना असते. तिचा उगम सांगताना ज्यांची नावे घेतली जातात त्यांपैकी एक, जेसी फील्ड शॅम्बॉ, याच राज्यातल्या पेज काउंटीत शिक्षिका होत्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलामुलींसाठी मंडळे सुरू केली होती. आयोवात चौथीपासून फोर-एचचे पूर्ण सदस्यत्व मिळते, म्हणजे तुमच्या मुलीचे वय नेमके योग्य आहे. त्यासाठी घरी शेती किंवा वासरू असायला हवे असे मुळीच नाही. छायाचित्रण, शिवण, सुतारकाम, बागकाम, पाककला असे कितीतरी विषय असतात.

परीक्षणाची पद्धत मला मनापासून आवडते. मूल आपली वस्तू घेऊन परीक्षकाच्या समोर बसते आणि मी काय करायचे ठरवले होते, कसे केले, कुठे अडले आणि पुढच्या वेळी काय बदलीन, हे स्वतःच्या शब्दांत सांगते. परीक्षक शेजाऱ्याच्या मुलाशी तुलना करत नाहीत. ठरलेल्या निकषांवर निळी, लाल किंवा पांढरी रिबीन मिळते, आणि निवडक कामांना त्यावर जांभळी. पाककलेत खोलीच्या तापमानाला खराब होणारे पदार्थ चालत नाहीत, म्हणून शंकरपाळी उत्तम. साध्या प्लेटमध्ये मोजके नमुने, वर प्लॅस्टिकची पिशवी, आणि सोबत कप-चमच्यांच्या मापात लिहिलेली कृती इतकेच लागते. माझ्या मुलीला परीक्षक बाईंनी विचारले होते की मोहन गरम का घालायचे. तिने आदल्या रात्री गार तुपाचाही एक घाणा करून पाहिला होता, त्यामुळे दोन्हींच्या खुसखुशीतपणातला फरक तिने नीट सांगितला, आणि बाईंनी तो आपल्या कागदावर उतरवून घेतला.

जनावरांच्या लिलावाला शेवटच्या दिवशी अवश्य थांबा. दहा-बारा वर्षांची मुले स्वच्छ धुतलेला, अंगावरचे केस विंचरलेला बैल किंवा मेंढी रिंगणात फिरवतात, आणि गावातली बँक, खाद्यविक्रेता, जनावरांचा दवाखाना बाजारभावाच्या वर बोली लावतात, कारण ती रक्कम मुलाच्या शिक्षणाच्या खात्यात जाणार हे सगळ्यांना ठाऊक असते. जनावर पुढे कत्तलखान्यात जाते. महिनोनमहिने पहाटे उठून त्याला चारा घातलेले मूल गोठ्यात त्याच्या मानेला मिठी मारून रडताना दिसते आणि आईवडील त्याला रडू देतात. शाकाहारी घरातल्या मुलीला हे पाहणे जड जाईल, म्हणून आधी तिच्याशी बोला. परंतु तिला तिथून दूर ठेवू नये असे माझे मत आहे, कारण तिचे वर्गमित्र ज्या व्यवसायात वाढत आहेत त्याचा हा गाभा आहे आणि तो न पाहता त्यांना समजून घेणे कठीण जाते.

जेवणाबद्दल नीट सांगते, कारण इथे बहुतेक सामाजिक प्रसंग जेवणाभोवती असतात. अग्निशमन दलाचा पॅनकेक ब्रेकफास्ट, शाळेच्या बँडसाठी सूप सपर, आजारी माणसाच्या उपचारांसाठी केलेले जेवण, या सगळ्यांवर ‘फ्री-विल डोनेशन’ असे लिहिलेले असते. दाराशी डबा ठेवलेला असतो आणि आपण आपल्या इच्छेने त्यात पैसे टाकायचे असतात. पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, भाजीचे वाटावेत अशा पदार्थांतही बहुतेक वेळा मांस असते: घेवड्यात बेकन, चीज घातलेल्या बटाट्यांत ‘क्रीम ऑफ चिकन’ सूप, आणि जेलो या रंगीत गोड जेलीत जनावरांपासून काढलेले जिलेटिन. विचारायला संकोच करू नका, लोक प्रामाणिकपणे सांगतात. आपण पोटभरीचा एक पदार्थ नेला की प्रश्न मिटतो. मटारभात, कमी तिखट छोले किंवा दह्यातली काकडीची कोशिंबीर लोक आवडीने घेतात. भांड्याच्या तळाला चिकटपट्टीवर आपले नाव लिहा, म्हणजे ते घरपोच परत येते.

गावात कोणी गेले की चर्चच्या तळघरात अंत्यविधीनंतरचे जेवण असते, आणि बायकांचे एक मंडळ फोनवरून कोणी बटाट्याचे सॅलड करायचे, कोणी बार करायचे हे वाटून घेते. हे बार म्हणजे ट्रेमध्ये भाजून चौकोनी कापलेली बिस्किटासारखी गोड वडी. रुग्णालयातली एखादी परिचारिका किंवा शेजारीण या मंडळात असेलच. तिला सांगून ठेवा की मीही एक ट्रे करीन. धर्म बदलण्याचा प्रश्न यात येत नाही. ‘तुम्ही कोणत्या चर्चला जाता?’ असे मात्र तुम्हाला वारंवार विचारले जाईल. बहुतेकांच्या दृष्टीने तो ‘तुम्ही कुठल्या गावचे?’ इतकाच सरळ प्रश्न असतो. आम्ही हिंदू आहोत, घरी पूजा करतो, असे शांतपणे सांगा. कोणी आग्रहाने चर्चला बोलावले तर आभार मानून नकार द्या, त्याने संबंध बिघडत नाहीत.

शाळेचे वेळापत्रक म्हणजे गावाचे वेळापत्रक. बुधवारची संध्याकाळ चर्चच्या वर्गांसाठी मोकळी ठेवलेली असते, तेव्हा शाळेचे कार्यक्रम सहसा नसतात. शरद ऋतूत शुक्रवारी रात्री अमेरिकन फुटबॉल. लहान शाळांत अकराऐवजी आठ खेळाडूंचे संघ असतात. खेळ कळला नाही तरी जा. तिथे पॉपकॉर्न आणि कॉफी विकणाऱ्या खिडकीवर पालकांच्या पाळ्या असतात आणि माणसे नेहमीच कमी पडतात. एक पाळी केली की चाळीस-पन्नास कुटुंबांना तुमचा चेहरा ओळखीचा होतो. वाचनालयातही मुलांच्या गोष्टींच्या तासाला मदत लागते. जिथे सगळेच विनामोबदला काम करतात अशी ही कामे आहेत, त्यामुळे सहसा व्हिसाची अडचण येत नाही. तरी जी कामे एरवी पगारी असतात ती फुकट करण्याआधी वकिलांना विचारा.

अग्निशमन दल आणि बऱ्याच ठिकाणी रुग्णवाहिकाही गावातलेच स्वयंसेवक चालवतात. मेकॅनिक, शिक्षक, शेतकरी हातातले काम टाकून पेजरच्या आवाजासरशी धावतात. अशी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत, आणि ही मला इथली सर्वांत गंभीर चिंता वाटते. राज्याने २०२१ मध्ये काउंट्यांना रुग्णवाहिका सेवा अत्यावश्यक ठरवून तिच्यासाठी कर मागण्याची मुभा दिली, परंतु त्याला मतदारांपैकी ६० टक्क्यांची संमती लागते. सुगीत एखादा शेतकरी आजारी पडला तर शेजारी आपापले कंबाईन (कापणी-मळणीचे यंत्र) घेऊन येतात आणि त्याचा मका-सोयाबीन एका दिवसात काढून देतात. त्या दिवशी बांधावर शंभर माणसांचे जेवण लागते आणि तिथेही एक ट्रे चालतो.

डॉक्टरांच्या कुटुंबासाठी एक गोष्ट वेगळी सांगावीशी वाटते. ‘क्रिटिकल ॲक्सेस’ म्हटल्या जाणाऱ्या अशा छोट्या ग्रामीण रुग्णालयात जास्तीत जास्त २५ खाटा असतात, त्यामुळे तुमच्या पतींचे रुग्ण तुम्हाला दुकानात, शाळेत, केस कापायला गेल्यावर भेटणारच. लोक आपुलकीने ‘अमुक आता कसा आहे?’ असे तुम्हाला विचारतील. तुम्हाला खरोखर काही ठाऊक नसले तरी, ‘त्यांच्या घरीच विचारलेले बरे’ एवढेच उत्तर द्या आणि मुलीलाही ते शिकवा. डॉक्टरांच्या घरातून बातमी बाहेर जात नाही हा विश्वास एकदा बसला की गाव तुमच्यासाठी फार काही करते.

मराठी सहवासाबद्दल: ओमाहा, सू फॉल्स आणि डी मॉइन या शहरांत भारतीय वाणसामान मिळते, आणि डी मॉइनजवळ मॅड्रिड येथे हिंदू मंदिर आहे. गणपती, दिवाळी आणि महिन्याचा किराणा यांसाठी जरूर जा. दर शनिवारी जाऊ नका, निदान पहिले वर्ष तरी. पॅनकेक ब्रेकफास्ट, शेताच्या कडेची मदत, टुलिपचे उत्सव, जुलैच्या अखेरीस राज्य ओलांडणाऱ्या रॅगब्राय या सायकलफेरीतल्या स्वारांना ‘पाय’ (सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) विकणे, हे सगळे शनिवार-रविवारीच असते, आणि त्या दिवशी तुमच्या दाराशी गाडी नसली की लोक समजतात की ही मंडळी इथे केवळ कामापुरती राहतात.

आयोवात शाळा २३ ऑगस्टच्या आधी सुरू होत नाहीत, आणि बहुतेक काउंटी फेअर जुलैत होतात. स्पेन्सरमधला क्ले काउंटीचा मोठा फेअर मात्र सप्टेंबरमध्ये असतो. जमल्यास जुलैच्या आरंभी पोहोचा. फोर-एचचे नवे वर्ष शरद ऋतूत सुरू होते आणि त्याची नोंदणी आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या काउंटी एक्स्टेन्शन कार्यालयात होते. तिथल्या माणसांना फेअरमध्येच भेटून तुमच्या गावाजवळचे मंडळ कोणते ते विचारा. तुमच्या काउंटीचे नाव कळवलेत तर फेअरच्या तारखा पाहून मी इथेच लिहीन.