वाचकांचे प्रश्न : खळ, चीक, सत्त्व आणि स्टार्च

प्रश्न : आजी 'खळ' म्हणते, धोबी 'कलफ', पुण्याकडचे नातेवाईक 'कांजी' आणि मुलांच्या पुस्तकात 'पिष्ट'. हे सगळं एकच का? — एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : पदार्थ एकच, काम बदललं की नाव बदलतं. कपड्याला देतात ती खळ. मैदा शिजवून पतंगाला किंवा पुस्तकाच्या बांधणीला लावतात तीही खळच. खळ देतात किंवा लावतात, कांजी करतात, कलफ 'चढवतात'. इंदुरात नुसतं 'कांजी' म्हटलं, तर समोरच्याला राईचं आंबट पाणी आणि त्यातले वडे आठवतात. म्हणून धोब्याला कलफच सांगावं.

स्वयंपाकघरात हाच पदार्थ वेगळ्या नावांनी येतो. भिजवलेले गहू वाटून, गाळून तळाशी बसतो तो चीक, कुरडया त्याच्याच. चीक वाळवून ठेवला की सत्त्व. भातावरचं काढलेलं दाट पाणी म्हणजे पेज, इथल्या हिंदीत मांड. उपवासाच्या वड्यांचं तवकील हे हळदीच्या कुळातल्या एका कंदाचं सत्त्व. हिंदीत त्यालाच तीखुर म्हणतात. 'आरारोट' म्हणून जे मिळतं ते बरेचदा मक्याचं किंवा टॅपिओकाचं असतं, पाकिटावरचं वाचून घ्यावं.

'पिष्ट' हा शास्त्रातला शब्द. 'कर्बोदके' हा त्याचा समानार्थी शब्द नाही. साखरही कर्बोदक आहे, पण पिष्ट नाही. मुलांच्या वहीत ही गल्लत हमखास दिसते, ती वेळीच दुरुस्त करावी.

बोलताना 'स्टार्च केलेली साडी' म्हणण्यात काही चूक नाही. तरी कपड्यापुरता 'खळ' हा नेमका, दोन अक्षरी शब्द घरात टिकवावा असं आम्हाला मनापासून वाटतं.

प्रश्न : घरी खळ दिली की गडद रंगाच्या सुती साडीवर पांढरे डाग पडतात. काय चुकतं? माहेश्वरी साडीला खळ द्यावी का? — एक वाचक, इंदूर

उत्तर : डाग पडतात ते न फुललेल्या खळीचे. पिष्टाचे कण थंड पाण्यात विरघळत नाहीत, नुसते तळाशी बसतात. पाणी साधारण 60 ते 70 अंश सेल्सिअसपर्यंत तापलं की ते पाणी पिऊन फुगतात आणि मग चिकटपणा येतो. कोरडी पूड थेट उकळत्या पाण्यात टाकली तर गोळ्याचं वरचं आवरण आधी शिजतं आणि आत पाणी शिरतच नाही. ती गुठळी कापडावर बसते, इस्त्रीखाली चपटी होते आणि गडद रंगावर पांढरी दिसते.

एका साडीला 50 ग्रॅम, म्हणजे साधारण मूठभर साबुदाणा दोन-तीन तास भिजवा. एक लिटर पाण्यात मंद आचेवर ढवळत 15–20 मिनिटं शिजवा. दाण्याच्या पोटातला पांढरा ठिपका दिसेनासा झाला पाहिजे. मलमलच्या फडक्यातून गाळा, पिळून गर खाली उतरवू नका. थंड पाणी घालून एकूण चार लिटर केलं तर मऊ खळ होते, अडीच लिटर केलं तर कडक. घाई असेल तर कॉर्नफ्लॉवरचे दोन मोठे सपाट चमचे अर्धी वाटी थंड पाण्यात कालवा, एक लिटर उकळत्या पाण्यात धार धरून ओता आणि पारदर्शक होईपर्यंत दोन-तीन मिनिटं ढवळा. पेज वापरायची असेल तर भातात मीठ नको. मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि पावसाळ्यात साडी लोळागोळा होते.

दुसरी चूक म्हणजे कोरडी साडी खळीत बुडवणं. जो भाग आधी टेकतो तो जास्त खळ पितो. साबण पूर्ण निघालेली, ओली करून पिळलेली साडीच कोमट खळीत घाला आणि चार-पाच मिनिटं वरखाली दाबा. हलक्या हाताने पिळा, काठ ताणून, उलटी बाजू वर करून सावलीत वाळत घाला. मे महिन्यात इथे कापड बघता बघता कडकडीत वाळतं. अशा वेळी पाणी शिंपडून गुंडाळून अर्धा तास ठेवा. इस्त्री उलट बाजूने आणि बेताच्या तापाची. फार तापली तर खळ करपते, पिवळट डाग पडतात आणि तळ चिकटतो.

नेहमीच्या माहेश्वरीत ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा. तिला पूर्ण खळ देऊ नका. द्यायचीच असेल तर वरच्या मऊ खळीत चौपट पाणी घाला आणि जरीचा काठ बाहेर धरा. खळीने ताठ झालेला धागा घडीवर मोडतो, म्हणून खळीची साडी महिनोन् महिने एकाच घडीत ठेवू नये. पावसाळ्याआधी तर खळ धुऊनच ठेवावी, नाहीतर कसर आणि बुरशी दोन्ही लागतात.

प्रश्न : मंचुरियनला कॉर्नफ्लॉवर नव्हतं म्हणून मक्याचं पीठ घातलं. रस्सा दाट झाला नाही. — एक विद्यार्थी, विजयनगर

उत्तर : मक्याच्या पिठात दाण्यातली प्रथिनं, तेल आणि कोंडाही असतो; ते भाकरीसाठी. कॉर्नफ्लॉवर म्हणजे नुसतं मक्याचं सत्त्व. घरात ते नसेल तर तवकील थंड पाण्यात कालवून शेवटी घाला आणि एक उकळी आली की गॅस बंद करा. फार वेळ उकळलं तर दाटपणा पुन्हा उतरतो. आपल्या भुट्ट्याच्या किसाला मात्र वरून काही लागत नाही. कोवळे दाणे किसले की त्यांतलं पिष्ट मोकळं होतं आणि शिजताना दूध धरून ठेवतं.

प्रश्न : खव्यात स्टार्च मिसळलाय का, घरी कसं ओळखावं?

उत्तर : सुपारीच्या तुकड्याएवढा खवा चमचाभर पाण्यात उकळा, पूर्ण थंड होऊ द्या आणि टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळा रंग आला तर स्टार्च आहे. गरम असताना टाकू नका. उष्णतेने निळा रंग दिसेनासा होतो आणि भेसळीचा खवा चांगला ठरतो. तपासलेला तुकडा फेकून द्या.