पॅरिश, धर्मग्राम आणि न ओळखलेला पाहुणा

एका वाचकाचा प्रश्न: “‘रोजच्या पॅरिश-जीवनात ख्रिस्ताची हजेरी ओळखा’ असं प्रवचनात ऐकलं. ‘हजेरी’ बरोबर की ‘उपस्थिती’? आणि पॅरिशला मराठीत काय म्हणायचं?”

हजेरी नको. हजेरी घेतात, लावतात, ती भरते आणि बुडते. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, हजेरी आपण लावतो. ख्रिस्ताबद्दल बोलताना ‘उपस्थिती’ म्हणा: ‘उप’ म्हणजे जवळ, ‘स्था’ म्हणजे उभं राहणं. ‘सान्निध्य’ही चालेल. यावर अधिक खल करण्यासारखं काही नाही.

खल करायचा तो ‘पॅरिश’वर. “आमच्या पॅरिशला नवा रंग दिला”, “पॅरिश बंद होती म्हणून परत आलो” ही वाक्यं मी इतक्यांदा ऐकली आहेत की आता राहवत नाही. रंग चर्चला देतात, कुलूप चर्चला लागतं. पॅरिश म्हणजे माणसं, एका चर्चशी जोडलेले श्रद्धावंत. कॅथलिक चर्चच्या १९८३च्या कायदेसंहितेतलं कलम ५१५ पॅरिशची व्याख्या ‘श्रद्धावंतांचा विशिष्ट समुदाय’ अशीच करतं. हद्दीचा मुद्दा त्यानंतर, कलम ५१८मध्ये येतो.

आता मूळ शब्दाकडे. ग्रीक ‘पारोइकिया’. ‘पारा’ म्हणजे लगत, ‘ओइकोस’ म्हणजे घर. हा ‘ओइकोस’ आपल्या ‘विश्’ धातूच्या गोतावळ्यातला, संस्कृत ‘वेश’चा (घर या अर्थी) सख्खा भाऊ. संस्कृतात शेजाऱ्याला ‘प्रतिवेशी’ म्हणतात, त्याची घडणही अशीच. म्हणून बरेच जण ‘पॅरिश म्हणजे शेजार, चर्चभोवतीची वस्ती’ असं सांगून मोकळे होतात. मला हे पटत नाही. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात ‘पारोइकोस’ हा शब्द हिब्रू ‘गेर’साठी आला आहे. गेर म्हणजे परक्या मुलुखात येऊन राहिलेला, जिथे राहतो तिथला नसलेला माणूस. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या ख्रिस्ती मंडळीने करिंथच्या मंडळीला पत्र लिहिलं, तेव्हा दोघींचंही वर्णन याच धातूने केलं: रोममध्ये उतरलेली मंडळी, करिंथमध्ये उतरलेली मंडळी. पेत्राच्या पहिल्या पत्रातही वाचकांना ‘पारोइकोस’च म्हटलं आहे. म्हणजे शेजारी नव्हे, मुक्कामाला आलेले.

दुसरा एक पक्ष लॅटिन ‘पारोखुस’कडे बोट दाखवतो. सरकारी कामाने फिरणाऱ्यांना लाकूडफाटा आणि मीठ पुरवणारा तो पारोखुस. लॅटिनमध्ये ‘पारोइकिया’चं ‘पारोखिया’ झालं ते या शब्दाच्या ओढीने, हे कबूल. पण ओढ म्हणजे उगम नव्हे. उच्चार बदलवणाऱ्या शब्दाला बाप ठरवायचं, तर व्युत्पत्तीच्या निम्म्या वंशावळी नव्याने लिहाव्या लागतील.

आणि आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितो आहे ते. लूकच्या शुभवर्तमानाचा चोविसावा अध्याय. पुनरुत्थानाच्या दिवशी दोन शिष्य यरुशलेमहून एम्माउसला निघाले आहेत, साठ स्टेडियांची वाट, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर. येशू त्यांच्याबरोबर चालतो आहे, पण त्यांना तो ओळखू येत नाही. अठराव्या ओवीत त्या दोघांपैकी क्लयपा त्याला विचारतो: यरुशलेमेत उतरलेला तू एकटाच असा आहेस का, ज्याला इथे घडलेलं ठाऊक नाही? इथलं ‘उतरलेला’ हे ग्रीकमध्ये ‘पारोइकेइस’ आहे. पॅरिशचंच क्रियापद! पॅरिशचं नाव ज्या धातूवरून पडलं, तो धातू इथे खुद्द ख्रिस्ताला लावला आहे, आणि तोही त्याला न ओळखणाऱ्याच्या तोंडून. मग घरात भाकर मोडताना ते त्याला ओळखतात. लूकने हा शब्द सहज वापरला असेल, पण नंतरच्या ख्रिस्ती लोकांनी स्वतःसाठी हाच शब्द निवडला, ते मला निव्वळ योगायोगाचं वाटत नाही. हे माझं मत आहे, आणि मी त्यावर ठाम आहे.

मराठी ‘ओळखणे’सुद्धा तपासून पाहा. तो ‘उपलक्ष्’पासून आला, म्हणजे इथेही ‘उप’ आहेच: जवळ जाऊन निरखणं. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३मध्ये उपासनेवरच्या दस्तऐवजात ख्रिस्ताच्या उपस्थितीच्या जागा सांगितल्या: मिस्सा अर्पण करणारा धर्मगुरू, विशेष करून भाकर आणि द्राक्षारस, इतर संस्कार, वाचलं जाणारं वचन, प्रार्थना करणारी आणि गाणारी सभा. कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथाने पुढे गरीब, आजारी आणि कैदी यांची भर घातली. ही सगळी यादी जवळून निरखण्याचीच आहे. आजाऱ्याच्या घरी कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर) घेऊन जाणाऱ्याला ते वेगळं सांगावं लागत नाही.

राहिला मराठी प्रतिशब्द. ‘धर्मग्राम’ हा रुळलेला, चांगला शब्द आहे. “शहरातल्या पॅरिशला ग्राम कसं म्हणायचं?” या आक्षेपात दम नाही. वैदिक संस्कृतात ‘ग्राम’ म्हणजे आधी माणसांचा जथा, वस्ती हा अर्थ मागून आला. गीतेतला ‘भूतग्राम’ म्हणजे भुतांचं गाव नव्हे, सर्व प्राण्यांचा समुदाय. ‘संग्राम’मध्येही दोन जथे समोरासमोर येतात. कलम ५१५ला जो समुदाय अभिप्रेत आहे, तो ‘ग्राम’मध्ये आधीपासून आहे. तेव्हा खुशाल धर्मग्राम म्हणा, महानगरातही.