कोल्हापूरच्या जुन्या वर्तमानपत्रांत वारंवार दिसणारे 'अण्णासाहेब' एकच का?

नाही, ते एकच गृहस्थ नाहीत. कन्नडमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ. कर्नाटकाला लागून असलेल्या आपल्या भागात, विशेषतः हातकणंगले-शिरोळकडच्या जैन घरांत, थोरल्याला सर्रास अण्णाच म्हणतात आणि मान द्यायचा की पुढे 'साहेब' लागतं. छापताना 'रा. रा. अण्णासाहेब यांचे अध्यक्षतेखाली' एवढ्यावर भागायचं, कारण वाचणाऱ्या गावाला माणूस ठाऊक असायचा. आपल्याला तो नसतो, म्हणून घोळ होतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचं खरं नाव बळवंत पांडुरंग, अण्णासाहेब कर्व्यांचं धोंडो केशव. कुंभोजला जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटीलही लोकांचे अण्णाच. त्यामुळे नुसत्या नावावर दोन बातम्या जोडू नका, हे कळकळीने सांगतो. वंशावळीत एकदा चूक शिरली की पुढच्या पिढ्या तीच खरी धरतात. बातमीत हे शोधा:

- आडनाव, गाव किंवा हुद्दा (वकील, इनामदार, दिवाण)
- तारीख, म्हणजे माणूस तेव्हा हयात होता का ते कळेल (किर्लोस्कर 1885 मध्येच वारले)
- 'आण्णासाहेब' अशीही छपाई

मात्र अण्णा हे दरवेळी टोपणनावच असतं असं नाही. कोल्हापूर संस्थानचे दिवाण आणि मुंबई प्रांताच्या 1937 च्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळातले अर्थमंत्री लठ्ठे यांचं मूळ नावच अण्णा बाबाजी होतं. त्यांच्या बाबतीत दुसरं 'खरं' नाव शोधत बसू नका.