कळशीचे तोंड: कलाशिक्षणाची तयारी करणाऱ्या विद्यार्थिनीस पत्र

फोंडा

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि चित्रे मिळाली. बारावीनंतर पणजीच्या आल्तिनोवरील गोवा कला महाविद्यालयात बी.एफ.ए. करावे की अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची परीक्षा द्यावी, आणि त्याआधी हातात असलेल्या या वर्षात काय शिकावे, असे तू विचारले आहेस. पहिल्या प्रश्नाचा निर्णय आजच करायला नको, कारण दोन्ही वाटांची सुरुवात बरीचशी सारखी आहे: रेखांकन, रंग, द्विमित व त्रिमित संकल्पन. १९१९ मध्ये जर्मनीतील वायमार येथे सुरू झालेल्या बाउहाउस या शाळेत योहानेस इटेन यांनी नवागतांसाठी एक प्राथमिक अभ्यासक्रम आखला होता. पुढे विणकाम शिकणारा असो की सुतारकाम, त्याने आधी तो पुरा करायचा असे. आज ठिकठिकाणच्या कलाशाळांत ‘फाउंडेशन’ म्हणून जे शिकवतात, त्याचा मोठा भाग त्या वर्गातून आलेला आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र सविस्तर द्यायला हवे. तुझा हात स्वच्छ आहे, छायांकनात घाई नाही, हे पाहून मला मनापासून आनंद झाला. परंतु बारापैकी दहा चित्रे मोबाइलवरील छायाचित्रे पाहून काढलेली आहेत, हे लगेच लक्षात येते. समोरच्या त्रिमित वस्तूला सपाट कागदावर आणण्याचे काम छायाचित्रात कॅमेऱ्याने आधीच उरकलेले असते, आणि तुला शिकायचे आहे ते नेमके तेच काम.

म्हणून पुढचा महिनाभर एकच वस्तू घे, घरातली तांब्याची कळशी. ती आधी जमिनीवर, मग टेबलावर, मग डोळ्यांच्या पातळीवरील फळीवर ठेवून काढ. कळशीचे तोंड गोल आहे हे आपल्याला ठाऊक असते, आणि हे ठाऊक असणेच आड येते, कारण डोळ्यांना जे दिसते ते बाजूला ठेवून हात ठाऊक असलेला गोल काढू लागतो. कळशी जमिनीवर असताना तोंडाचे लंबवर्तुळ चांगले रुंद दिसते, टेबलावर ते अरुंद होते आणि डोळ्यांच्या पातळीवर आले की जवळजवळ सरळ रेषाच उरते. तळाची कड तोंडाहून खाली असल्यामुळे तिची वक्रता तोंडाच्या वक्रतेपेक्षा अधिक असते. तू मात्र तुझ्या एका वस्तुचित्रात तळ पट्टीने आखल्यासारखा सरळ काढला आहेस, त्यामुळे भांडे जमिनीवर टेकतच नाही. लंबवर्तुळाची टोकेही नीट पाहा. ती गोलसर वळतात, आंब्याच्या पानासारखी टोकदार होत नाहीत. एचबी, टूबी आणि सिक्सबी अशा तीन पेन्सिली आणि साधा कार्ट्रिज कागद एवढे पुरे आहे. ड्रॉइंग टॅब्लेटसाठी वडिलांना इतक्यात खर्चात पाडू नकोस.

हे मी इतक्या आग्रहाने लिहितो, त्याला माझा एक अनुभव कारण आहे. तुझ्या वयाचा असताना मी एका संस्थेच्या मुलाखतीला कॅलेंडरांवरून उतरवलेल्या देखण्या चित्रांची फाइल घेऊन गेलो होतो. परीक्षकांनी ती चाळली, मिटली, आणि दाराशी ठेवलेली माझी ओली, अर्धवट मिटलेली छत्री टेबलावर ठेवून ती काढायला सांगितली. काड्या कुठून निघतात आणि कापडाची घडी कुठे वळते, हे रोज ती छत्री वापरूनही मी कधी पाहिले नव्हते. त्या वर्षी मला प्रवेश मिळाला नाही.

संकल्पचित्रासाठी मोरजीच्या मोरजाई मंदिरातील कावीचित्रे पाहून ये. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या रंगाचा थर देतात आणि तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करतात. दोनच रंग असल्यामुळे आकृतीइतकाच तिच्याभोवतीचा मोकळा भागही कारागिराला घडवावा लागतो. तिथे बसून आकृतीऐवजी फक्त मोकळ्या जागांचे आकार वहीत उतरव. धन आणि ऋण अवकाश म्हणजे काय, हे तुला पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा त्या भिंतीसमोर लवकर कळेल. नंतर तीच जुळणी काळ्या-पांढऱ्या कागदाचे तुकडे कापून करून पाहा.

रंगासाठी आता पावसाचे दिवस सोयीचे आहेत. कोरडा चिरा (जांभा दगड) आणि भिजलेला चिरा यांचे दोन रंग पोस्टर कलरने मिसळून तयार कर. मग चिऱ्याच्या रंगाचा एकच तुकडा शेवाळाच्या हिरव्या कागदावर आणि चुन्याच्या पांढऱ्या कागदावर ठेवून पाहा: हिरव्यावर तो पेटल्यासारखा दिसेल, पांढऱ्यावर गडद आणि शांत. रंग शेजाऱ्यावर अवलंबून असतो, ही गोष्ट एकदा हाताने अनुभवली की पुढचा रंगसिद्धान्त समजायला जड जात नाही.

परीक्षांविषयी थोडक्यात. राष्ट्रीय डिझाइन संस्थेची निवड दोन टप्प्यांत होते आणि दुसऱ्या टप्प्यात हाताने काम करून दाखवावे लागते, आयआयटीतील बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड (UCEED) ही वेगळी परीक्षा आहे. मागील प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडव. तंत्र त्यातून येईल, नजर येणार नाही.

नजरेसाठी रोजची वही हवी. आपल्या लोटलीचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा (१९२६–२०११) यांनी कोणत्याही कलाशाळेत शिक्षण घेतले नव्हते, पण तरुणपणी ते रोजनिशी चित्रांतून लिहीत. १९४९ ते १९५१ या काळातील त्यांच्या रोजनिश्या प्रसिद्ध झाल्या आहेत. शेजारीपाजारी, लग्ने, चर्चबाहेरची गर्दी असे सारे त्यांत आहे. तूही फोंड्याच्या बसस्थानकावर दहा मिनिटे थांबलीस तरी उभ्या माणसांच्या चार रेषा वहीत येऊ देत. पाने फाडू नकोस. एखादी कल्पना कुठे अडली आणि कशी बदलली, हे पोर्टफोलिओ पाहणाऱ्याला त्या पानांवरून समजते.

चतुर्थीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी माझ्याकडे ये. येताना कळशीची सगळी चित्रे आण, फसलेलीही, आणि प्रत्येकाच्या मागे तारीख घाल, म्हणजे ती ओळीने मांडून आपल्याला पाहता येतील.

तुझा शुभचिंतक,
सर