बुकबाइंडिंग करणाऱ्यांची कधी युनियन होती का? असल्यास तिचा इतिहास काय?

होती तर! आणि नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांना एकत्र आणलं, त्याच्याही शंभरेक वर्षं आधी. मी पुण्यात एका छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात बरीच वर्षं काढली, त्यामुळे या विषयाचं जरा वेडच आहे. मला नीट माहीत आहे ती गोष्ट लंडनची, तीच सांगतो.

तिथले बाइंडर १७८० च्या आसपास गुत्त्यांमध्ये जमायला लागले. तेव्हा कामाचा दिवस सकाळी ६ ते रात्री ८. फर्म्याला (छापलेल्या मोठ्या कागदाला) घडी घाला, पाच-सहा किलोच्या हातोडीने कागद ठोकून सपाट करा, जुज (घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे) शिवा, पुस्तकाचा कणा गोल करा, आणि हे सगळं संध्याकाळनंतर मेणबत्तीच्या उजेडात. १७८६ मध्ये त्यांनी मागितलं काय, तर ८ ऐवजी ७ वाजता सोडा. बस, एक तास. मालकांनी त्यांना कट केल्याच्या आरोपाखाली कोर्टात खेचलं. २४ जणांवर खटला, पाच जणांना दोन वर्षं न्यूगेटचा तुरुंग. त्यातला एक जण आतच वारला. पण तास मिळाला! १७९४ मध्ये त्यांनी आणखी एक तास कमी करून घेतला.

पुढे १८२७ च्या सुमारास कागद दाबायचं रुळांचं यंत्र आलं, तेव्हा याच कारागिरांनी त्याला विरोध केला. हातोडीने खांदे मोडायचे, तरी ती हातोडी जाऊ नये असं वाटायचं, कारण तीच रोजगार होती. मला यात काही विचित्र वाटत नाही. आमच्याकडे घडीचं मशीन आलं तेव्हा सगळ्यांचे चेहरे मी पाहिलेत.

१८४० नंतरच्या काळातलं मोठं नाव म्हणजे टी. जे. डनिंग, लंडनच्या बाइंडर संघटनेचा सचिव. '३०० टक्के नफा दिसला की भांडवल कुठलाही गुन्हा करायला कचरत नाही' अशा अर्थाचं वाक्य मार्क्सच्या फोटोखाली फिरत असतं ना? ते मूळ डनिंगचं आहे. मार्क्सने 'कॅपिटल'च्या तळटीपेत त्याचं नाव देऊन ते घेतलं. फॉरवर्ड करणाऱ्यांनी नाव गाळलं. डनिंगने आणखी एक केलं. १८४९ मध्ये बायबलच्या फर्म्यांना घड्या घालणाऱ्या आणि शिलाई करणाऱ्या बायकांनी मजुरीवरून भांडण काढलं, तेव्हा तो त्यांच्या बाजूने उभा राहिला. स्वस्त बायबल वाटायचं पुण्य त्या बायकांच्या पोटाला चिमटा काढून चाललं होतं.

बायकांची स्वतःची संघटना मात्र १८७४ मध्ये झाली, एमा पॅटरसन या कामगार बायकांच्या पुढारी बाईच्या पुढाकाराने. दुसऱ्याच वर्षी ग्लासगोच्या ट्रेड युनियन काँग्रेसमध्ये, म्हणजे ब्रिटनमधल्या सगळ्या युनियनच्या परिषदेत, एमा प्रतिनिधी म्हणून गेली. तोवर तिथे बाई प्रतिनिधी म्हणून आलीच नव्हती. आणि १९०० मध्ये ज्या समितीतून पुढे ब्रिटनचा मजूर पक्ष झाला, तिचा पहिला अध्यक्ष फ्रेडरिक रॉजर्स हाही बाइंडरच. हिशेबाच्या वह्या बांधायचा.

नंतरचा इतिहास म्हणजे विलीनीकरणांची रांग. बाइंडर, कागद कामगार, छपाई कामगार एकेक करून एकत्र आले आणि १९६६ मध्ये 'सोगॅट' नावाची एकच युनियन झाली. १९८६ मध्ये वृत्तपत्रांचा मालक रुपर्ट मर्डॉकने आपली वर्तमानपत्रं लंडनमधल्याच वॉपिंग भागात हलवली, संपावर गेलेल्या साडेपाच हजारांच्या आसपास लोकांना काढून टाकलं, आणि वर्षभर झगडूनही युनियन हरली. आज तिचे वारस 'युनाइट' या मोठ्या युनियनमध्ये आहेत.

आमच्या खात्यात युनियन नव्हती. मे-जूनला शाळेच्या पुस्तकांचा सीझन आला की रात्री दहा वाजायचे. जादा वेळेचा मोबदला म्हणजे एक वडापाव आणि अर्धा कप चहा.