मिनिमलिस्ट चित्रं काढायची असतील तर

कॅनव्हास रिकामा सोडला की मिनिमलिझम (मोजक्याच घटकांत चित्र उभं करणं) झाला, असं समजू नकोस. आधी भारतीय चित्रकार नसरीन मोहमदींची रेखाटनं बघ. १९७०च्या दशकात, बडोद्याला शिकवत असताना, त्यांनी रंग आणि आकृत्या बाजूला सारून कागद, पेन्सिल, शाई एवढ्यावरच काम केलं. पण रेघा नीट निरख: जाडी बदलते, दोन रेघांमधलं अंतर हळूहळू कमी होतं आणि सपाट कागदाला उतार येतो! फोटोत यातलं बरंच हरवतं. मूळ चित्रं बघायची संधी मिळाली तर अजिबात सोडू नकोस.

सध्या एक पेन्सिल, एक पट्टी घे. फक्त आडव्या रेघा, अंतर तेवढं बदल. मग एकेक रेघ झाकून बघ. झाकल्यावर काहीच फरक पडला नाही, तर ती नकोच होती. रंगांचा मोह इतक्यात नको.